पेटी, पियानो आणि परकेपणाची परीक्षा

पोलंडची राजधानी वॉर्सा. दर पाच वर्षांनी तिथं शोपँच्या नावानं पियानोवादनाची स्पर्धा भरते. १९२७ साली येझी झुराव्लेफ नावाच्या पियानोच्या प्राध्यापकानं ती सुरू केली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, तरुण पोरं मैदानी खेळांच्या मागे लागलेली. झुराव्लेफ यांना वाटलं, संगीतालाही खेळासारखी चुरस दिली तर लोक ऐकतील. नियम सोपा होता. जगातून कुणीही यावं, पण वाजवायचं ते फक्त शोपँचं. पहिल्याच वर्षी बक्षीस घरात राहिलं नाही, ते सोव्हिएत रशियाच्या लेव्ह ओबोरिननं नेलं. पुढे मोठा संगीतकार झालेला शोस्ताकोविच त्या वर्षी स्पर्धक होता आणि नुसतं प्रशस्तिपत्रक घेऊन परत गेला. २०२१ मध्ये कॅनडाचा ब्रूस लिऊ जिंकला, २०२५ मध्ये अमेरिकेचा एरिक लू. दोघंही चिनी वंशाच्या घरांतली मुलं.

मला या स्पर्धेत रस आहे तो १९५५ सालामुळे. त्या वर्षी शांघायचा फू त्सोंग नावाचा विशीतला तरुण तिसरा आला. तिसरा येणं फार मोठी गोष्ट नाही. पण त्याला आणखी एक बक्षीस मिळालं, मझुर्का सर्वात चांगला वाजवल्याबद्दलचं. मझुर्का हा पोलंडच्या माझोव्हिया भागातला लोकनाच. तीन मात्रांचा, पण आघात कधी दुसऱ्या मात्रेवर पडेल, कधी तिसऱ्या, याचा भरवसा नाही. आपल्याकडे लावणीचा ठेका कागदावर लिहून समजत नाही, तसंच याचंही आहे. पोलिश माणूस म्हणतो की त्या मातीत वाढल्याशिवाय मझुर्का अंगात येत नाही. आणि त्याच मझुर्काचं बक्षीस पोलिश रेडिओनं एका चिनी पोराला दिलं.

१९५५ सालीच भारताच्या रेडिओवर, म्हणजे आकाशवाणीवर, हार्मोनियमला बंदी होती. बंदीचं ते पंधरावं वर्ष होतं. कारण एकच सांगितलं जायचं. हे वाद्य आपलं नाही.

पियानो पडद्यावर, पेटी दारात

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसानं पियानोवर लिहावं, याचं कुणाला हसू येईल. आमच्या पिढीच्या आधीच्यांनी पियानो पाहिला तो सिनेमात. १९४९च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसून गातो, संगीत नौशाद यांचं. त्यानंतर हिंदी सिनेमात श्रीमंताच्या दिवाणखान्यात पियानो, त्यावर फुलदाणी आणि समोर मन मोडलेला नायक हे ठरूनच गेलं. खराखुरा पियानो होता तो मुंबईच्या पारशी घरांत, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत, चर्चमध्ये, क्लबांत. तिथं पियानोच्या परीक्षा लंडनहून येणाऱ्या परीक्षकांसमोर व्हायच्या. याच वर्तुळातून मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी उभी केली. हे जग मुंबईतच होतं, पण दादरच्या मराठी माणसालाही ते लांबच होतं. उस्मानाबादचं तर बोलायलाच नको.

पण पियानोची धाकटी बहीण आमच्या गावागावांत पोहोचली होती. तिला आम्ही पेटी म्हणतो. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची रचना तीच, बारा सुरांचं सप्तक तेच. फरक इतकाच की पियानोत हातोडी तारेवर पडते आणि पेटीत भात्याची हवा पितळी सुरांतून जाते. पियानोला ८८ पट्ट्या, पेटीला तीन-साडेतीन सप्तकं. पियानो हलवायला सहा माणसं लागतात, पेटी एका खांद्यावर जाते. धाराशिवला ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या उरसात कव्वाल बसतात तेव्हा मध्यभागी पेटीच असते, आणि एकादशीला भजनी मंडळ बसतं तेव्हाही. माझ्या ओळखीत असे पेटीवाले होते जे दोन्हीकडे वाजवायचे. त्यात त्यांना काही विशेष वाटत नसे. बिदागी मिळाली की झालं.

ही पट्ट्यांची वाद्यं हिंदुस्थानात इंग्रजांबरोबर आली असं आपण धरून चालतो. ते तितकंसं खरं नाही. अकबराच्या दरबारातला मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी १५८०च्या आसपासची एक हकीकत नोंदवतो. बादशहानं हाजी हबीबुल्लाह यांना गोव्याला पाठवलं होतं. ते परत येताना फिरंग्यांच्या चिजांबरोबर एक ‘अरगनून’ घेऊन आले, म्हणजे ऑर्गन. माणसाएवढी मोठी पेटी, एक जण वाजवायला, दोघं हवा भरायला. बदायुनी हा कशावरच सहजी खूश न होणारा माणूस, अकबरावर तर त्याचा कायमचा राग. पण या पेटीचं नवल त्यालाही वाटलं आणि दरबारी थक्क झाल्याचं त्यानं लिहून ठेवलं. कोकण किनाऱ्यावरून निघालेलं पट्ट्यांचं वाद्य फतेहपूर सिक्रीला पोहोचलं, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी जन्मालाही आली नव्हती.

आजची पेटी मात्र एकोणिसाव्या शतकातली. १८४०च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ या कारागिरानं आपल्या वाद्याला ‘हार्मोनियम’ हे नाव देऊन हक्क घेतले. ते पायानं भाता मारायचं वाद्य होतं, खुर्चीवर बसून वाजवायचं. मिशनऱ्यांबरोबर ते इकडे आलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीनं त्याचे पाय काढले, भाता मागच्या बाजूला हाताशी आणला आणि वाद्य सतरंजीवर बसवलं. आपल्याकडे गाणारा खाली बसतो, म्हणून वाद्यही खाली बसलं. युरोपात हार्मोनियमचे दिवस पुढे संपले, इकडे ती घराघरात गेली. परकी वस्तू आपली होते ती अशी, कुणाचा ठराव पास न होता.

काळी चार, पांढरी पाच

महाराष्ट्रात तिला खरं घर दिलं नाटकानं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. हजार माणसांच्या थिएटरात, ध्वनिवर्धक नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचवायचा तर पायपेटी आणि ऑर्गनशिवाय इलाज नव्हता. गोविंदराव टेंबे हे या काळातलं मोठं नाव. पेटीवर त्यांचा हात असा की ती नुसती साथीची राहिली नाही, स्वतंत्र वाजू लागली. १९११च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन होता, शेजारी कादरबक्ष यांची सारंगी होती आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. मराठी माणूस ज्याला आपल्या संस्कृतीचं सोनेरी पान म्हणतो, त्या पानावर एक फिरंगी वाद्य आणि दोन मुसलमान उस्ताद एकत्र बसलेले आहेत.

पेटी किती खोल गेली याचा पुरावा आपल्या बोलण्यात आहे. गायकाला विचारा, कुठल्या सुरात गाता? तो सांगेल, काळी दोन. बाई सांगतील, काळी चार किंवा पांढरी पाच. ज्यांनी आयुष्यात पेटीची साथ घेतली नाही, ज्यांना तंबोऱ्याशिवाय काही चालत नाही, तेही आपला षड्ज पेटीच्या पट्टीच्या नावानंच सांगतात. तंबोरा लावायचा तो काळी एकला. शुद्धतेचा कितीही आग्रह धरा, षड्जाचा पत्ता मात्र फिरंगी पट्टीवरच सापडतो.

चौदा सेंटचा गुन्हा

पेटीवरचे आक्षेप सगळेच खोटे नव्हते, हेही सांगायला हवं. पेटीचे भक्त ही बाजू गाळतात, ते मला पटत नाही.

एका सप्तकाचे १२०० भाग केले तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. पियानोत आणि पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे असतात, प्रत्येक शंभर सेंटचा. हिशेब नीटनेटका, पण कानाचा हिशेब वेगळा आहे. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर येतो. पेटीचा गंधार ४०० वर. म्हणजे पेटी चौदा सेंट चढी. कोमल गंधार ३१६ वर हवा, पेटी ३०० वर देते, तिथं ती उतरी. पंचमाचा फरक दोनच सेंटचा, तो कुणाला कळत नाही. पियानोचं संगीत एका सुरावरून दुसऱ्या सुराला षड्ज मानून फिरत राहतं, म्हणून त्यांनी ही तडजोड स्वीकारली. आपलं संगीत एका षड्जावर बसून असतं, त्यामुळे त्याला हे चौदा सेंट टोचतात. दुसरी अडचण मींडेची. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, पट्ट्यांचं वाद्य पायऱ्यांवरून उड्या मारत जातं.

या दुखण्यावर इलाज करायला निघालेली तीन माणसं आपल्याच भागातली. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल, आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ. देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. श्रुती मोजायच्या तर अचूक गळा पाहिजे. तो खाँसाहेबांनी दिला. एक ब्राह्मण अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि किराण्याचा एक मुसलमान गवई एकेका सुराची कंपनं मोजत बसले आहेत, हे चित्र मला फार आवडतं. त्यातून लंडनमध्ये ‘श्रुती हार्मोनियम’ बनवून घेतली गेली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथं तिची चर्चा झाली. भातखंड्यांना ती पटली नाही आणि तो प्रयोग पुढे सरकला नाही. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. मिरजेच्या ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथं दरवर्षी गाणं होतं. बावीस श्रुतींच्या पेटीचा ध्यास मात्र मराठी माणसाला सुटलेला नाही. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा तशी पेटी करून दाखवली.

याच काळात इराणात मुर्तझा महजूबी यांनी वेगळी वाट काढली. त्यांच्याकडे फ्रेंच-जर्मन पियानो होता आणि वाजवायचे होते फारसी दस्तगाह, ज्यांत पाव सुरांचा वापर असतो. त्यांनी पियानोला नावं ठेवली नाहीत. त्याच्या तारा सैल-घट्ट करून त्यांनी तो फारसी सुरांत लावला. तेहरान रेडिओच्या ‘गुलहा’ या कार्यक्रमातलं त्यांचं वादन आजही ऐकायला मिळतं. डोळे मिटले तर संतूर वाजतंय असं वाटावं. आणि हे सगळं रेडिओवर, राजरोस.

१ मार्च १९४०

आपल्या रेडिओची हकीकत वेगळी झाली. ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख तेव्हा लायोनेल फील्डन. त्यांच्या हाताखाली दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळत होते जॉन फोल्ड्स. फोल्ड्स साधा माणूस नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्यानं रचलेली प्रचंड संगीतरचना लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये गाजली होती. हिंदुस्थानी वादकांचा वाद्यवृंद बांधायची त्याची धडपड चालली होती. १९३८ साली त्यानं रेडिओच्या नियतकालिकात हार्मोनियमविरुद्ध एक लेख लिहिला. मथळ्यातच शब्दाचा खेळ होता. ‘हार्म’ म्हणजे इजा आणि ‘ऑम्नियम’ म्हणजे सगळ्यांना. पुढच्या वर्षी कलकत्त्याला बदली होताच तो कॉलऱ्यानं गेला. त्याचं म्हणणं मात्र मागे राहिलं. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटीला स्टुडिओबाहेर ठेवायला सांगितलं. नेहरूंनाही पेटी आवडत नसे आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम बंद झाली.

यातली गंमत बघा. पेटी परकी आहे हे हिंदुस्थानाला पटवून देणाऱ्यांत आघाडीवर एक इंग्रज. आणि ज्या ठाकुरांच्या वाड्यात ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर चाली बांधायचे आणि धाकटे रवींद्रनाथ त्यांवर शब्द बसवायचे, त्याच घरातून पेटीविरुद्धचं पत्र आलं. पियानो चालला, पेटी चालली नाही. मला यात सुरांच्या वादाबरोबर दर्जाचा वादही दिसतो. पियानो दिवाणखान्यातला. पेटी तमाशातली, भजनातली, कव्वालीतली, गल्लीतल्या क्लासमधली. ती स्वस्त होती, तिचा आवाज मोठा होता आणि ती कुणालाही दोन महिन्यांत चार गाणी शिकवत होती. जे कुणालाही येतं त्याला अभिजात म्हणायला अभिजनांची जीभ रेटत नाही.

आमचा जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, दक्कन रेडिओच्या टापूत. हैदराबादचं ते केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झालं आणि त्याबरोबर आकाशवाणीचे नियमही आमच्याकडे आले. स्वातंत्र्यानंतर इंग्रजांचे अनेक कायदे बदलले, ही बंदी राहिली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खातं डॉ. बा. वि. केसकरांकडे होतं. केसकर मराठी, संगीताचे जाणकार आणि मताचे पक्के. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून त्यांनीच हद्दपार केली आणि अवघा देश रेडिओ सिलोनकडे वळला. हिंदुस्थानी संगीताचं नुकसान मुसलमानी अमलात आणि घराणेदार उस्तादांच्या हातात झालं, या अर्थाचं मत ते उघड मांडत. त्यांच्या काळात कलावंतांची नव्यानं चाचणी सुरू झाली. परीक्षकांनी कलावंताला न पाहता, फक्त ऐकून श्रेणी द्यायची. तत्त्व म्हणून उत्तम. वॉर्साच्या स्पर्धेतही परीक्षकांवर पक्षपाताचा आरोप झाला नाही असं नाही. १९८० साली पोगोरेलिच या तरुणाला अंतिम फेरीआधी वगळलं, तेव्हा मार्था आर्गरिच परीक्षक मंडळातून उठून गेली. त्या वर्षीचं बक्षीस व्हिएतनामच्या दांग थाय सोनला मिळालं. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला आशियाई. अमेरिकेचे बॉम्ब पडत असताना हनोईबाहेरच्या खेड्यात राहून तो पियानो शिकला होता. पण तिथल्या वादात प्रश्न असतो वादक कसा वाजवतो याचा. आकाशवाणीच्या चाचणीत पेटीवाला दारातूनच परत जायचा. त्याला ऐकण्याची गरजच नव्हती, वाद्यानं त्याला आधीच नापास केलं होतं.

सारंगीचा जबाब

इथं माझ्या म्हणण्याला एक अडथळा येतो आणि तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. पेटी येण्याआधी गळ्याची साथ कोण करायचं? सारंगी. तिला मींड येते, श्रुती येतात, गळ्यातलं सगळं येतं. पण सारंगी अवघड. तीसेक तरफांच्या तारा लावायलाच अर्धा तास जातो, आणि वाजवायची ती नखाच्या मुळानं. ती वाजवणारी घराणी बहुतेक मुसलमान. कोठ्यावरच्या गाण्याशी नातं असल्यानं त्यांच्याकडे तुच्छतेनं बघितलं जायचं. संगीत ‘सभ्य’ घरांत शिरलं तेव्हा तवायफ बाहेर राहिली आणि तिच्याबरोबर सारंगियाही. त्याची जागा पेटीनं घेतली. रेडिओनं पेटीला दार बंद केलं तेव्हा त्याच दारातून सारंगिये आत गेले. त्यांना साथीचं काम मिळालं, महिन्याचा पगार मिळाला. या अन्यायकारक बंदीनं काही सारंगीवाल्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

मग मी कुणाच्या बाजूनं? सारंगी टिकवायची तर सारंगीवाल्याला मान आणि पैसा देऊन टिकवता आली असती. त्यासाठी पेटीला परकं ठरवायची गरज नव्हती. सारंगी हरली ती पेटीच्या परकेपणामुळे नाही, तर ती वाजवणाऱ्याला आपण आपलं मानलं नाही म्हणून. तरीही हे मी लिहिताना एखादा सारंगिया समोर बसला असता तर त्यानं मान डोलावली असती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

परकेपणाचा निवाडा कुठवर जातो हे चीननं पाहिलं. सांस्कृतिक क्रांतीत पियानो हेच भांडवलदारांचं वाद्य ठरलं. मझुर्काचं बक्षीस घेणारा फू त्सोंग १९५८ सालीच इंग्लंडला निघून गेला होता. त्याचे आईवडील मागे राहिले. वडील फू लेई फ्रेंच साहित्याचे मोठे अनुवादक. १९६६ मध्ये रेड गार्ड्सचा छळ सोसून दोघांनी एकाच रात्री जीव दिला. मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत १९५८ साली दुसरा आलेला लिऊ शिकुन अनेक वर्षं तुरुंगात होता. त्याच स्पर्धेत १९६२ साली दुसऱ्या आलेल्या यिन चेंगझोंगनं १९६७ मध्ये एक युक्ती केली. पियानो ट्रकवर घालून थेट तिआनमेन चौकात नेला आणि क्रांतीची लोकप्रिय गाणी वाजवली. लोकांनी ऐकलं आणि पियानो वाचला. आज चीनमध्ये लाखो मुलं पियानो शिकतात आणि वॉर्साच्या निकालात चिनी नावं अनेकदा असतात. आपल्याकडे पेटीसाठी कुणाचा जीव गेला नाही. आपल्याकडे एक परिपत्रक निघालं आणि ते ३१ वर्षं फाईलमध्ये राहिलं.

आणि हे सगळं ज्या दख्खनमध्ये घडलं, तिची रीत तर अगदी उलटी होती. आमच्या जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल आहे, १६१३ सालचा. पावसाळ्यात त्याच्यावरून कोसळणारं पाणी बघायला गर्दी होते, पण तो ज्याच्या कारकिर्दीत झाला त्याच्याविषयी फार थोडे बोलतात. तो विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा. यानं ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ दखनीत लिहिला. त्यात सरस्वतीलाही वंदन आहे, पैगंबरांनाही आणि गुलबर्ग्याच्या गेसूदराजांनाही. आपल्या तंबोऱ्याला त्यानं ‘मोतीखान’ असं नाव ठेवलं होतं. तंबोरा हे नावच ‘तंबूर’ या फारसी शब्दाशी नातं सांगतं. आज ज्या तंबोऱ्याच्या शुद्धतेची शपथ घेऊन पेटीला बाहेर काढलं जातं, त्याला त्या सुलतानानं खान करून टाकलं होतं! जिल्ह्याचं नाव कुठलं खरं, या वादात मी इथं शिरत नाही. पाणीमहाल दोन्ही नावांच्या काळात तिथंच उभा आहे.

बंदीनंतर

१९७१ मध्ये आकाशवाणीनं बंदी सैल केली. तीही अर्धवट. वरच्या श्रेणीच्या गायकांना पेटीची साथ घेता येऊ लागली, पण एकट्या पेटीला कार्यक्रम मिळणं दूरच होतं. इतकी वर्षं पेटी जगली ती रेडिओबाहेर. नाट्यगृहात, मैफलीत, मंदिरात, दर्ग्यात. मराठवाड्यातल्या जालन्याजवळच्या जळगाव गावात १९२२ साली जन्मलेले आप्पा जळगावकर याच काळात घडले. त्यांची पेटी ऐकताना त्या चौदा सेंटचं काय होतं ते समजतं. जो सूर टोचेल त्याच्यावर ते थांबतच नसत. गायकाचा गंधार लागला की त्यांचं बोट हलकेच निसटलेलं असे. मींड पेटीत नाही, पण ती आहे असा भास ते भात्याच्या दाबानं उभा करत. वाद्याची मर्यादा वादकानं कशी झाकायची, याची ती शाळाच होती. भीमसेन जोशींपासून वसंतराव देशपांड्यांपर्यंत सगळ्यांना ते हवे असत. त्यांना २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पी. मधुकरांचे शिष्य, मूळ गोव्याचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

वाद मिटलाय असं समजू नका. २०२२ मध्ये अकाल तख्ताच्या जत्थेदारांनी अमृतसरच्या सुवर्णमंदिरातून पेटी तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं काढून जुनी तंतुवाद्यं परत आणायला सांगितलं. शिखांची रबाब-सारंद्याची परंपरा मोठी आहे आणि ती जपावी असं त्यांना वाटणं समजण्यासारखं आहे. कारणांत पुन्हा तोच शब्द आला, इंग्रजांनी आणलेलं वाद्य. त्या परंपरेत रबाब पहिल्यांदा वाजवली ती गुरू नानकांचे सोबती भाई मर्दाना यांनी, जे जन्मानं मुसलमान होते.

पेटीवाल्यांत पद्मश्री सगळ्यात आधी मिळाली ती बोरकरांच्या दहा वर्षं आधी, २००६ मध्ये, दिल्लीत राहणाऱ्या उस्ताद महमूद धौलपुरी यांना. त्यांचे आजोबा सारंगी वाजवायचे.